पहिल्या हाकेची ओ

"पेटीत असताना बाहेरचं सगळं ऐकू येतं का हो?"

मी सातेरीच्या देवळाच्या ओवरीत माळ घेऊन बसले होते. माळ पुरी होईपर्यंत मी बोलत नाही, म्हणून हातानेच तिला बस म्हटलं. ती बसली नाही. खांबाला टेकून आमच्या सामानाकडे बघत राहिली. वीस-बावीस वर्षांची मुलगी, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, हातात परडी. परडीतली फुलं देवीला वाहायची राहूनच गेली होती.

माळ डोळ्यांना लावून ठेवली आणि म्हटलं, "ऐकू येतं. अगदी कुणी खोकलं तरी."

"मग नाव पुकारल्यावर ओ तुम्हीच देता?"

हे जादूचं काम. कुणी विचारलं तर आम्ही हसून विषय बदलतो. पण माझा एक नेम आहे, आजही आहे. दिवसभरात तोंडातून खोटं गेलं, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अन्न घ्यायचं नाही. हे मला चिडवायचे, जादूगाराच्या बायकोने हे व्रत घेतलं म्हणजे घरात शिधा फार पुरणार. मी म्हणायचे, पेटीतून बाहेर येण्यात खोटं काय आहे? मी आत असते म्हणून तर बाहेर येते.

तिला मी म्हटलं, "हो, मीच देते."

तेव्हा ती खाली बसली. तिचं नाव कुंदा. देवळामागच्या उतारावर, खाडीकडे तोंड असलेलं घर तिचं. गावाचं नाव मी लिहीत नाही. ती माणसं अजून तिथे आहेत. कुंदाने सांगितलं ते असं. तिची मोठी बहीण शेवंती चौदा वर्षांची असताना एका संध्याकाळी खाडीवर कालवं काढायला गेली आणि परत आली नाही. कोयता खडकावर मिळाला, ती मिळाली नाही. त्याला या महिन्यात बारा वर्षं झाली. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही, त्याचं पळसाच्या देठांचं शरीर करून त्याला अग्नी देतात, म्हणजे तो जीव मोकळा होतो. भटजी तयार होते, भाऊ मुंबईहून रजा काढून आला होता. कुंदाचं लग्न ठरत आलं होतं, पण मुलाकडचे म्हणत होते, ज्या घरातली मुलगी ना जिवंत ना मेलेली, त्या घरात आधी काय ते करून घ्या.

फक्त आई हो म्हणत नव्हती. आईच्या होकाराशिवाय भाऊ दर्भाला हात लावणार नव्हता.

"आणि आता आईने कौल लावलाय," कुंदा म्हणाली. "तुमच्या खेळावर."

गेल्या वर्षी पलीकडच्या गावच्या जत्रेत आमचा खेळ झाला होता, तो तिच्या आईने पाहिला होता. शेवटच्या खेळात हे लोकांना विचारायचे, कुणाला बोलावू, नाव सांगा. लोक नाव सांगायचे, हे पेटीला त्या नावाने हाक मारायचे आणि आतून ओ यायची. आईने घरी सांगून टाकलं होतं की उद्या देवीच्या मांडात, देवळासमोरच्या अंगणात, माझ्या शेवंतीला हाक मारू दे. ओ आली तर ती आहे, आणि मग पळसाचं नाव कुणी घ्यायचं नाही. ओ नाही आली तर परवा सकाळी विधी करा.

"तुम्ही उद्या ओ देऊ नका," कुंदा म्हणाली. "तेवढंच मागते."

ती उठली, फुलं तशीच परडीत घेऊन गाभाऱ्याकडे गेली. जाताना म्हणाली, "मी आईजवळच बसेन. तिचा हात धरून. तुम्ही गप्प राहिलात की मी बघेन तिचं."

त्या संध्याकाळी हे चहाच्या दुकानावरून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. गावात शिरलं की आधी चहाच्या दुकानात बसायची ह्यांची पद्धत होती. खेळ निवडायचा तो तिथे. कुणाकडे नुकतं सुतक आहे का, कुठल्या घरचं कुठल्या घराशी वाकडं आहे, गावाला कशाची भीती आहे, कशाचं हसू येतं, हे सगळं ऐकून मग रात्री ट्रंक उघडायची. जिथे कुणी झाडावरून पडून गेलंय तिथे दोरीचा खेळ नाही. देवळाच्या आवारात अंड्याचा नाही. पहिला खेळ झटपट आणि रंगीत, म्हणजे रिकाम्या कळशीतून रुमाल. मागून येणाऱ्याला बसायला जागा शोधताना काही चुकल्यासारखं वाटू नये. मग कितीही ओतला तरी पाणी न संपणारा तांब्या, तो एकाच वेळी करायचा नाही, दुसऱ्या खेळांच्या मधे मधे परत आणायचा. साधारण मध्यावर एक खेळ मुद्दाम फसवायचा. लोक हसतात, जादूगाराची कीव करतात, आणि त्यानंतर तो काय करतो हे बघायला डोळे मोठे करून बसतात. "माणूस बसून राहतो," हे म्हणायचे, "तो मी काय काढतो यासाठी नाही. त्याने स्वतः जे आत टाकलंय ते काय होऊन बाहेर येतं, यासाठी." म्हणून शेवटचा खेळ नेहमी पेटीचा, आणि नाव लोकांचं.

त्या पेटीची रचना सांगायला आता हरकत नाही. म्हणायचो पेटी, पण ते उभं काळं कपाट होतं, त्यावर सोनेरी चांदण्या. आत एक फळी. पुढच्या भागात काही नाही, फळीमागच्या चिंचोळ्या जागेत मी. हे हाक मारत, दार उघडून रिकामं दाखवत, बंद करत. दुसरी हाक, परत रिकामं. तिसऱ्या हाकेला मी ओ द्यायची, ढोल वाजला की फळी सरकवून पुढे यायचं आणि दार उघडलं की मी उभी.

तीन हाका माझ्यामुळे झाल्या. सुरुवातीला एकाच हाकेचा खेळ होता. पण मिरजेला माहेरी माझ्या आजीने आम्हाला पढवलेलं होतं, तिन्हीसांजेला कुणी नावाने बोलावलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस परत हाक मारतो. जे माणूस नाही ते एकदाच मारतं. मी पेटीतही ते मोडलं नाही. पहिल्यांदा हे फार रागावले, लोकांसमोर फजिती झाली म्हणून. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "अगं, पहिल्या हाकेला काही झालं नाही, तेव्हा मागची माणसं उठून पुढे आली. राहू दे तसंच."

कुंदाचं म्हणणं ऐकून ह्यांनी विडी विझवली.

"मधला खेळ फसला तर चालतो. शेवटचा नाही," हे म्हणाले. "पेटी रिकामी राहिली तर या तालुक्यात कुणी परत मांडव घालून देणार नाही आपल्याला. आणि त्या बाईने कौल लावला तर तो देवीकडे. आपण कोण?"

मी म्हटलं, "ओ दिली तर ती मुलगी आयुष्यभर घरात बसेल. आणि आई वाट बघत बसेल."

"मी दुसऱ्या बाजूचं नाव घेईन. पुढच्या मानकऱ्यांना विचारेन. तिच्याकडे बघणारच नाही. मिटलं."

ढोल वाजवायला आमच्याबरोबर ह्यांचे चुलतभाऊ असायचे, बाळकृष्णभावजी. ते कोपऱ्यात पितळी कळशी घासत होते. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही एवढं मनावर घेऊ नका. मागे एका गावात लोकांनी पेटीतून सावकाराच्या म्हशीला बोलवायला सांगितलं होतं. तेव्हा नाही का तुम्ही ओ दिलीत."

मी हसले. पण झोपेपर्यंत मला त्या मुलीच्या परडीतली फुलं आठवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची आई स्वतः आली. माझ्या डोळ्यांसमोर कुणी विस्कटलेली, बडबडणारी बाई होती. आली ती नीटनेटकी, कपाळाला कोरडं मोठं कुंकू, हातात केळीच्या पानावर खापरोळ्या, नारळाच्या रसाचं भांडं वेगळं. नाव जयवंती. माझा उपास आहे का ते आधी विचारलं, नाही म्हटल्यावर पान पुढे ठेवलं. घर, भात, गुरं, यंदाची सुपारी, सगळं व्यवस्थित बोलली. आमच्या कपाटावरच्या चांदण्या कुणी काढल्या तेही विचारलं. मग जायला उठली आणि उठता उठता, पदराने हात पुसत, म्हणाली, "माका खुळी समजा नको गो. त्या पेटयेत तू असतंस ह्या माका म्हायत आसा."

मी खापरोळ्यांचं पान झाकून ठेवलं.

"तोंड कोणाचा का असांदे," ती म्हणाली. "मांडात नाव घेतला की ओ देवची ती सातेरीच देतली. तू फक्त गप ऱ्हवायचा ठरव नको, आणि ओ देवचाय ठरव नको. येयत ता येवंदे."

तिला कुंदाचं बोलणं कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. तिथल्या जत्रांत मी पाहिलं होतं, एखाद्या साध्या माणसाच्या अंगात अवसर येतो आणि ज्याला एरवी कुणी विचारत नाही त्याच्या तोंडचा शब्द सगळं गाव हात जोडून ऐकतं. तिच्या लेखी मी तशीच होते. तोंड. आणि मी दोघींपैकी कुणालाच शब्द दिला नव्हता.

खेळ चारला सुरू झाला. दिवेलागणीच्या सुमाराला आटपायचा होता, कारण नंतर मांड दशावतारवाल्यांचा. मार्गशीर्ष महिना. देवळाची सावली लवकर पडायची आणि खाडीवरून गार वारा यायचा. माणसं भरपूर होती. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे, मधे मानकऱ्यांच्या खुर्च्या. पहिल्या ओळीत जमिनीवर जयवंतीकाकी मांडी घालून, आणि तिच्या शेजारी तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन कुंदा.

खेळ चांगला रंगला. कळशीतून रुमाल निघाले तेव्हा पोरं ओरडली. तांब्यातलं पाणी तिसऱ्यांदा आलं तेव्हा मागून एकजण म्हणाला, मास्तरांनू, ह्यो तांबयो आमच्या ग्रामपंचायतीक देवा, नळाक पाणी नाय. दुसऱ्याने सांगितलं, त्या पेटयेत माझ्या मेवण्याक घाला आणि चावी माझ्याकडे ऱ्हवांदे. मेहुणा तिथेच होता, त्याने चप्पल उगारली. मधला खेळ ह्यांनी फसवला, ओल्या कणकेतून घड्याळ काढायचं होतं ते निघालंच नाही, आणि ज्यांचं घड्याळ ते मानकरी इतके घाबरले की लोक हसून लोळले. मग ते घड्याळ त्यांच्याच टोपीत मिळालं. हे खुशीत होते. मला पडद्याआड येऊन म्हणाले, "एक माणूस उठला नाही बघ."

मी पेटीत गेले. फळी लावून घेतली. आत गेलं की मी डोळे मिटून कुलदेवतेचं नाव घेते, तसं घेतलं. मी काहीच ठरवलं नव्हतं. कुंदासाठी गप्प राहायचं म्हटलं तर ह्यांची अब्रू, ओ द्यायची म्हटलं तर त्या मुलीचा जन्म. आणि काकी म्हणाली होती, ठरवू नको. मी तेवढंच धरून उभी राहिले.

बाहेर ह्यांचा आवाज. ठरल्याप्रमाणे मानकऱ्यांना विचारलं, कुणाला बोलावू? मानकरी अजून घड्याळ कानाशी धरून बसले असावेत. ते म्हणाले, तुमका आवाडता ता नाव घेवा. लोक हसले. कुणी कुणाच्या तरी सुनेचं नाव सांगितलं, कुणी सिनेमातल्या बाईचं. मग एकेक करून सगळे गप्प होत गेले. आतून मला फक्त तेवढंच कळलं की माणसं गप्प होताहेत. ह्यांनी नंतर सांगितलं, काकी उठून उभी राहिली होती. काही बोलली नव्हती. नुसती उभी.

तिला बसा कसं म्हणणार? देवीच्या मांडात, सगळ्या गावासमोर? मग ह्यांचा आवाज आला, नेहमीचा खेळातला नाही, घरातला.

"शेवंतीऽ"

पहिली हाक. मला काहीच करायचं नव्हतं, पहिल्या हाकेला मी कधीच काही करत नाही.

"ओऽ आये!"

कुणीतरी ओ दिली. लहान मुलीचा आवाज, थोडी धाप लागलेला. जेवायला बोलावल्यावर खेळ टाकून परसातून धावत येताना मुली देतात तसा. आणि तो बाहेरून आला नाही. फळीच्या पुढून आला. माझ्या तोंडासमोर, फळीच्या पलीकडे, हातभरही लांब नाही तिथून.

ह्यांचा हात सवयीने कडीवर गेलेला असणार. कडी वाजली, दार उघडलं. फळीच्या फटीतून संध्याकाळचा उजेड माझ्या पायांवर पडला. पुढचा भाग रिकामा होता, नेहमी असतो तसा. सगळ्या गावाने पाहिलं. ज्या कपाटातून आत्ता आवाज आला त्यात कुणी नव्हतं. एका बाईच्या कडेवरचं मूल रडायला लागलं, तेवढाच आवाज. ढोल वाजवायचा हे भावजी विसरले.

हे नवखे असते तर तिथेच गडबडले असते. पण ह्यांनी दार परत लावलं, आणि दुसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं.

"पुरे मास्तर," काकी म्हणाली. "आता हाक मारू नकात."

तिचा आवाज इतका शांत होता की मला आतूनही शब्द न् शब्द कळला.

"माझ्या दोनय चेडवांका मी शिकयलंय. तिन्हीसांजा पयल्या हाकेक ओ देव नये. शेवंती कधी ता मोडूची नाय. जिती असती तर गप ऱ्हवली असती." मग म्हणाली, "उद्या सकाळी करा."

पुढचं मला भावजींनी सांगितलं. ती कुंदाचा हात धरून उठली, देवीला नमस्कार केला आणि उतार उतरून घराकडे गेली. तिच्यामागे कुणी गेलं नाही. लोक बसूनच होते. टाळ्या नाहीत, बोलणं नाही. शेवटी मानकरी उठले, तेव्हा माणसं एकेक करून निघाली, देवळासमोरून जावं तशी, पेटीकडे पाठ न करता. मांड रिकामा झाल्यावर ह्यांनी फळी सरकवली. मी तशीच उभी होते.

"तू पहिल्या हाकेला ओ का दिलीस?" ह्यांनी विचारलं.

"मी नाही दिली."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोटं बोलत नाही हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? कपाटाच्या मागे जाऊन आले, खाली वाकून बघितलं, चाकं बघितली. मग म्हणाले, "धाकटी बहीण, कुंदा, माझ्या समोरच होती. तिचं तोंड मिटलेलं होतं." एवढं बोलून रुमाल घड्या घालायला बसले. त्या दिवशी घड्या नीट बसत नव्हत्या, तेच तेच रुमाल उलगडत होते. जरा वेळाने, मला नाही, रुमालांना सांगितल्यासारखं म्हणाले, "इतकी वर्षं मी लोकांना धरून ठेवायला काय काय करतो. आज कुणी हललं नाही, आणि मी काही केलं नव्हतं."

कुंदा दिवे लागल्यावर आली. मी देवळाच्या पायरीवर बसले होते. तिने वाकून माझे पाय धरले. मी तिला उठवलं.

"आईला सांगून पटलं नसतं," ती म्हणाली. "तुम्ही गप्प राहिला असतात ना, तरी ती म्हणाली असती, आज वारं होतं, तिला ऐकू गेलं नसेल. तुम्हाला कसं सुचलं पहिल्या हाकेलाच ओ द्यायचं? आईचा हा नियम मी तुम्हाला सांगितलाही नव्हता."

"कुंदा, ते मी केलेलं नाही."

"बरं," ती हसली. "नाही केलं." जादूगाराची माणसं आपलं गुपित सांगत नाहीत, असं तिला वाटलं. आणि जाता जाता म्हणाली, "पण आवाज हुबेहूब काढलात हो. मी आठ-नऊ वर्षांची होते तेव्हा. मी विसरले होते तो आवाज."

मग पायरीवरच थांबली. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. जो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता तो मी काढला कसा, हे तिच्या मनात त्या क्षणी आलं असावं. तिने विचारलं नाही. पदर डोक्यावर घेतला आणि भराभर उतार उतरून गेली.

आम्ही सकाळच्या एसटीने निघणार होतो. पण माझी माळ होते न होते तोच त्यांच्याकडचा गडी आला. जयवंतीकाकीने मला एकटीला बोलावलं होतं.

विधी खाडीच्या काठावर, माडांच्या आत होता. बायका बांधाच्या अलीकडेच थांबल्या होत्या. पलीकडे चटईवर पळसाच्या देठांचं शरीर मांडलेलं दिसत होतं, लहानसं, डोक्याच्या जागी नारळ. भाऊ ओल्या पंच्याने उभा. भटजी आणि काकी यांच्यात काहीतरी अडलं होतं. काकीच्या हातात एक गोधडी होती, जुन्या लुगड्यांची, फिकी झालेली, पण स्वच्छ. ती तिला त्या देठांवर घालायची होती. भटजी म्हणत होते, असं चालत नाही, शास्त्रात नाही. काकी वाद घालत नव्हती, नुसती गोधडी छातीशी धरून उभी होती. एक म्हातारी माझ्या कानाशी म्हणाली, दर थंडीत ही वाळत घालते, बारा वर्षं, पोर आली की लागेल म्हणून. त्या दिवशी खाडीवर मुलगी साध्या परकरात गेली होती.

मला पाहिल्यावर ती बांध ओलांडून अलीकडे आली. इतकी जवळ की तिचा श्वास मला लागला.

"तू तिच्या वांगडा होतंस," ती म्हणाली. "फळयेच्या अल्याड तू, पल्याड ती. एकच विचारतंय. तिका थंडी वाजत होती काय गो?"

माझ्या ह्यांनाही मी हे तोवर सांगितलं नव्हतं. मार्गशीर्षातली गार संध्याकाळ होती, पेटी दिवसभर देवळाच्या सावलीत होती, आणि आत उभी राहिले तेव्हा फळी इतकी गार लागली की मी तळवे मागे घेतले होते. पहिल्या हाकेला तो आवाज आला तेव्हा मी घाबरून दोन्ही हात फळीवर टेकले. फळी ऊबदार होती. उन्हाने तापते तशी नाही. पलीकडून कुणी पाठ लावून उभं असावं तशी, एका माणसाच्या रुंदीपुरती, माझ्या खांद्यापर्यंतच. दार उघडलं आणि लोकांनी रिकामं पाहिलं तेव्हाही ती तशीच ऊबदार होती. काकी "पुरे" म्हणाली, त्यानंतर हळूहळू गार होत गेली, आधी वरून, मग खाली.

"नाही काकी," मी म्हटलं. "ऊबदार होती."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी नजर काढली नाही.

"किती उंच?" तिने विचारलं.

मी हात माझ्या खांद्याशी लावून दाखवला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, आणि आपला तळवा त्याच उंचीवर हवेत धरला, थोडा वेळ, डोक्यावर ठेवावा तसा.

"मगे बरा," ती म्हणाली.

बायकांत उभ्या असलेल्या कुंदाला तिने जवळ बोलावलं आणि गोधडी तिच्या खांद्यांवर घातली. "ही तू व्हर तुझ्या घराक. तिका लागाची नाय."

मग भटजींकडे बघून मान डोलावली.